बिट्टोच्या पाठीवर श्रीधरराव

माझं लग्न ठरवताना वडिलांनी स्थळांकडे पाठवलेल्या कागदावर माझ्या नोकरीपुढे 'क्रीडा शिक्षिका' असं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. माझे विद्यार्थी चार पायांचे होते, एवढंच त्यांनी गाळलं होतं. वडील सरकारी कचेरीत कारकून. कचेऱ्या नागपुरातून भोपाळला हलल्या तेव्हा टेबलखुर्च्यांबरोबर तेही इकडे आले आणि शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये राहिले. त्यांच्या मुलीने घोडे शिकवावेत हे त्यांच्या कुठल्याच नियमपुस्तिकेत बसत नव्हतं.

सासरच्यांना वाटलं मी मुलींना लेझीम शिकवते. लग्नानंतर चौथ्या दिवशी सकाळी मी गुडघ्यापर्यंतचे चामडी बूट चढवले, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "लेझमीला एवढे बूट लागतात?" माझे यजमान वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, "लागत असतील." त्यानंतर आजतागायत त्यांनी माझ्या कामाबद्दल एकही शंका काढलेली नाही.

घरात मी त्यांना 'अहो' म्हणते. पण लेखात पानोपानी 'अहो' आलं तर वाचणाऱ्याला आपल्यालाच हाक मारल्यासारखं वाटेल, म्हणून इथे श्रीधरराव लिहिते. त्यांना हे आवडणार नाही. पण ते काही बोलणारही नाहीत.

माझी नोकरी कशी लागली, बढती का मिळाली नाही, निवृत्तीच्या समारंभात कोण काय बोललं, हे सगळं मी सोडून देते. मला एका घोडीबद्दल लिहायचं आहे. त्याआधी धंदा थोडा समजावून सांगावा लागेल.

घोडा तीन-चार वर्षं मोकळा वाढतो. आपल्या चार पायांवर आपलं अंग कसं तोलायचं हे त्याला पक्कं ठाऊक झालेलं असतं. मग एक दिवस त्याच्या पाठीवर खोगीर येतं आणि खोगिरावर माणूस. खोगीर सहन केलं की घोडा तयार झाला, असं लोकांना वाटतं. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. डोक्यावर पहिल्यांदा भरलेला हंडा घेतलेल्या मुलीला चालता येत असतं, पण हंड्याखाली तिला नव्याने चालायला शिकावं लागतं. आणि हंडा तरी गप्प बसतो. माणूस डुलतो, ताठरतो, शिंकतो, खिशातून फोन काढतो. खाली घोड्याला वाटतं, हे सगळे आपल्यालाच दिलेले हुकूम आहेत.

हा काळ निभावून नेणं हे माझं काम. जुन्या भाषेत या माणसाला चाबूकस्वार म्हणतात. नाव भयंकर आहे. तीस वर्षांत मी चाबूक उगारला तो तबेल्याच्या पत्र्यावरच्या माकडांवर, आणि माकडांनीही तो फारसा मनावर घेतला नाही.

आता रेवालबद्दल. मारवाडच्या काही घोड्यांना जन्मतःच एक जादा चाल येते, तिला रेवाल म्हणतात. साधा घोडा वेग वाढवला की दुडकी धरतो, आणि दुडकीत स्वार सुपातल्या दाण्यासारखा उडतो. रेवालमध्ये चारही पाय एकेक करून पडतात, तबल्यावर कुणी सावकाश चार बोल वाजवावेत तसे. पाठ जवळजवळ हलत नाही. घोडी विकणारे हातात भरलेला पेला घेऊन बसून दाखवतात. पण नव्या घोड्यावर माणूस बसला की सगळ्यात आधी हीच चाल पळून जाते. घोडा पाठ ताठ करतो, एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकायला लागतो आणि वरचा माणूस नावेत बसल्यासारखा डोलतो. त्या वेळी घाई केली तर चाल कधी कधी परत येतच नाही.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. बादल नावाचा एक घोडा होता. काळा, कपाळावर पांढरा ठिपका, रेवाल अशी की बघणाऱ्याने बोलणं थांबवावं. एका बड्या माणसाला तो एका मिरवणुकीत हवा होता. आणखी दोन महिने द्या, असं मी म्हणाले. त्यांनी एक आठवडा दिला, आणि मी 'बरं' म्हणाले. माणूस वजनदार होता, मिरवणूक लांब होती. बादलची पाठ धरली, चाल गेली, आणि पुढे कुणीही चढायला पाय उचलला की तो थरथरायला लागायचा. त्यांनी तो विकून टाकला. तीन वर्षांनी भरदुपारी एका मंगल कार्यालयाबाहेर मी त्याला पाहिला. अंगावर आरशांची झूल, पायांत घुंगरं, वरातीची वाट बघत उन्हात उभा. त्याने मला ओळखलं की नाही हे मला माहीत नाही, कारण मी मान वळवली.

हे सांगितलं, आता बिट्टोकडे येते.

निवृत्तीनंतर मी कोलार रोडच्या पुढे एक छोटा तबेला भाड्याने घेतला होता. मी आणि मुन्नेखाँ. मुन्नेखाँ माझे जुने सईस, म्हणजे घोड्यांची निगा ठेवणारे. वय सत्तरच्या पुढे, आणि घोड्याचा मूड त्याच्या शेपटीवरून सांगणारे. एक दिवस भोपाळबाहेरच्या मंडीदीपहून महेंद्रजी आले. त्यांचा तिथे प्लास्टिकच्या बादल्या आणि पाण्याचे मग बनवण्याचा कारखाना. त्यांनी मारवाडातून चार वर्षांची तपकिरी घोडी आणली होती. खोगीर चढून तिला जेमतेम दहा दिवस झालेले.

महेंद्रजींचे वडील, ज्यांना सगळे दादाजी म्हणत, लहानपणी गावी रेवाल घोडीवर बसलेले होते आणि ती आठवण जेवताना रोज सांगायचे. त्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला त्यांनी घोडीवर बसून, हातात चहाचा कप घेऊन, पाहुण्यांसमोरून जायचं आणि चहा सांडायचा नाही, अशी मुलाची योजना होती. वाढदिवसाला दोन महिने होते. मी म्हटलं, दोन महिन्यांत घोडी एखादा हलका, सवयीचा माणूस कशीबशी घेऊ लागेल, चालीची खात्री देत नाही. मग दादाजींचं वजन विचारलं. महेंद्रजी म्हणाले, "पिताजी तो फूल हैं, मॅडम."

पुढच्या महिनाभरात मी हा प्रश्न आणखी तीनदा विचारला. उत्तर दर वेळी फूलच आलं. घोडी ठेवून घेतली, यात माझा लोभ होता हे कबूल करते. तिला मी मोकळ्या मैदानात एकदा चालताना पाहिलं होतं.

कागदावर तिचं नाव राजलक्ष्मी होतं. मुन्नेखाँ पहिल्याच दिवशी तिला बिट्टो म्हणाले, आणि ती त्या नावाला वळली.

बिट्टो सगळं सहन करायची. घोंगडी, खोगीर, वाळूची पिशवी. जिवंत माणूस मात्र नाही. ती उधळायची नाही, लाथ मारायची नाही. नुसती गोंधळून जायची. माझ्या जुन्या संस्थेतली एक उत्तम स्वार मुलगी बसून बघायला आली. हलकी, चपळ, स्पर्धा जिंकलेली. तिने मिनिटभरात घोडीला वीस सूचना दिल्या. बिट्टोने थोडा विचार केला आणि ती उलट पावलांनी, एकेक पाय जपून टाकत, मैदानापासून थेट आपल्या ठाणापर्यंत गेली. मुलगी तिच्यावरच होती. दुसरा स्वार आला, त्याच्याखाली ती पाऊण तास पुतळ्यासारखी उभी राहिली. तो खाली उतरल्यावर तिने निःश्वास टाकला.

मी स्वतः बसू शकत नव्हते. आमच्यात एक अंदाज असतो की नव्या घोड्यावर त्याच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाहून जास्त ओझं नको, आणि मी त्या हिश्शाच्या बऱ्याच पलीकडे गेलेली आहे. शिवाय माझ्या खुब्यात आता धातू आहे.

श्रीधरराव तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. ते एका सरकारी अभिलेख कक्षात होते, म्हणजे जुन्या फायलींच्या खोलीत. चौतीस वर्षं ते एका टेबलामागे बसले आणि कुणी जुनी फाईल मागायला येण्याची वाट पाहिली. फारसं कुणी आलं नाही. त्यांचं वजन एकोणपन्नास किलो. निवृत्तीनंतर ते रोज अकरा वाजता स्कूटरवरून माझा डबा घेऊन तबेल्यावर यायचे, ओट्यावर बसायचे आणि वर्तमानपत्र वाचायचे. एकदा एक खार त्यांच्या पायावरून मांडीवर आणि मांडीवरून पेपरवर चढून गेली. त्यांनी बातमी संपेपर्यंत पान उलटलं नाही.

मुन्नेखाँनी हे पाहिलेलं होतं. एक दिवस ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई साब, बिट्टो पे साब को बिठाल दो. साब हिलते नईं हैं."

मी त्यांना वेड्यात काढलं. आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की नव्या घोड्यावर जुना स्वार हवा. श्रीधरराव आयुष्यात कधी घोड्यावर बसले नव्हते. लग्नातसुद्धा ते मोटारीतून आले होते. मी मुन्नेखाँना हे सगळं समजावत असताना मागून पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. श्रीधररावांनी सगळं ऐकलं होतं.

"पाय कुठे ठेवायचे?" त्यांनी विचारलं.

मी तीन दिवस नाही म्हणाले. चौथ्या दिवशी त्यांना हेल्मेट घातलं.

पहिला आठवडा आम्ही फक्त उभे राहिलो. श्रीधरराव लाकडी घडवंचीवर चढायचे, घोडीच्या पाठीवर पोटावर आडवे पडायचे आणि तसेच राहायचे. मी एका बाजूला, मुन्नेखाँ दुसऱ्या बाजूला. ऑफिसातला फिकट निळा सफारी त्यांनी या कामासाठी पुन्हा बाहेर काढला होता, कारण हे काम कामाच्याच कपड्यांत करायला हवं असं त्यांचं मत. लांबून कुणी पाहिलं असतं तर एक सरकारी माणूस घोडीवर वाळत घातलाय असं वाटलं असतं. पाचव्या दिवशी बिट्टोने मान खाली सोडली आणि जीभ ओठांवरून फिरवली. घोडा असं करतो तेव्हा तो विचार करायचा थांबलेला असतो. मी त्यांना पाय टाकून बसायला सांगितलं. ते बसले. बिट्टोचा एक कान मागे वळला, आणि मग दुसराही, वर काही आहे की नाही ते बघायला. वर काहीच होत नव्हतं.

मग दहा पावलं आणि थांबणं. वीस पावलं आणि थांबणं. दोरी माझ्या हातात. फक्त सरळ रेषेत, कारण वळताना नव्या घोड्याचा तोल जातो. दिवसाला पंधरा मिनिटं, त्याहून एक मिनिट जास्त नाही. श्रीधरराव तिच्याशी बोलायचे ते 'अहो' आणि 'आपण' असं. "आपण जरा पुढे होता का?" असं त्यांनी तिला विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे. लग्नाच्या छत्तीस वर्षांत मला असं कुणी विचारलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात कुंपणावर वानरांची टोळी आली आणि बिट्टो एकदम बाजूला सरली. श्रीधरराव तोल जाऊन पडले असं म्हणता येणार नाही. घोडी बाजूला झाली आणि ते होते तिथेच राहिले, मग खाली आले. बसलेल्या अवस्थेतच. चष्मा नाकावर तसाच. मनगट मुरगळलं आणि माकडहाड चार दिवस दुखलं. मला मात्र रात्री झोप आली नाही. स्वतःच्या नवऱ्याला मी वाळूच्या पिशवीच्या जागी वापरत होते. सकाळी मी सांगून टाकलं, की पुरे झालं, घोडी परत पाठवते.

ते मनगटाला पट्टी गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "अकरा वाजले की ती फाटकाकडे बघत उभी असते, असं मुन्नेखाँ सांगत होते."

"मग?"

"ऑफिसात अकरा वाजता माझी वाट कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही."

पाचव्या दिवशी ते उशी घेऊन आले.

दरम्यान महेंद्रजींचा दर सोमवारी फोन यायचा, "मॅडम, चाल आ गई क्या?" जणू हबीबगंज स्टेशनावर पार्सल उतरणार होतं. मग त्यांनी मला निमंत्रणपत्रिका पाठवली. तिच्यावर दादाजी पांढऱ्याशुभ्र घोडीवर बसून कप उंचावत होते. घोडी इंटरनेटवरची होती, दादाजींचं मुंडकं पासपोर्टच्या फोटोतलं. खाली छापलं होतं की दुपारी चार वाजता दादाजी घोडीवर चहा पितील. पत्रिका चारशे घरी गेल्या होत्या. त्या दिवसापर्यंत बिट्टो श्रीधररावांसकट सरळ रेषेत नीट चालत होती, पण चालत होती, बस. रेवाल नव्हती. वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, मैदानाच्या शेवटी, तिच्या पायांचा आवाज अचानक बदलला. अकरा पावलं. मी मोजली. मुन्नेखाँनी टोपी काढून हातात धरली. श्रीधररावांना काही झाल्याचं कळलंच नाही.

वाढदिवसाच्या दिवशी आम्ही बिट्टोला कारखान्यावर नेलं. आवारात मांडव, बँड, वर घिरट्या घालणारा ड्रोन, भजी तळली जात होती. आणि दादाजी आले. उंच, रुंद, प्रसन्न, अचकन घातलेले, डोक्यावर गुलाबी साफा. त्यांना बघून मुन्नेखाँ माझ्या कानाशी पुटपुटले की हे फूल गोभीचं आहे.

मी महेंद्रजींना बाजूला घेतलं आणि म्हटलं, दादाजी या घोडीवर बसणार नाहीत. ते हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की मी गंमत करत नाहीये. त्यांचा आवाज चढला, पाहुणे वळून पाहू लागले. दादाजींनी काय चाललंय विचारलं, आणि वजनाचा वाद आहे असं कळल्यावर ते उत्साहाने म्हणाले की मग तोलून घ्या, त्यात काय.

प्लास्टिकच्या दाण्याच्या गोण्या तोलायचा मोठा काटा मांडवाशेजारीच होता. दादाजी त्यावर चढले. पाहुण्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बँडने सलामी दिली. काटा चौऱ्याण्णववर थांबला. महेंद्रजी म्हणाले, साफा काढा. साफा काढल्यावर त्र्याण्णव. मग जोडे निघाले, मग गळ्यातला हार. हारात एवढं वजन असेल असं मला वाटलं नव्हतं. पण तरीही ब्याण्णवच्या खाली काही जाईना.

महेंद्रजी माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात, म्हणजे खरोखरच चिडून, म्हणाले की पाच मिनिटांचा प्रश्न आहे, शंभर पावलं. नाहीतर ही घोडी माझ्या काय कामाची, उद्याच वरातवाल्याला देऊन टाकतो, तो कधीपासून मागतोय.

शंभर पावलांनी घोडी मरत नाही. कदाचित काही होणारही नाही. बादलच्या वेळीही मी स्वतःला हेच सांगितलं होतं. आणि 'नाही' म्हटलं तरी ती त्याच झुलीखाली उभी राहणार असेल, तर माझ्या नकाराचा उपयोग कुणाला? हे सगळं मनात होत असताना मी बोलून गेले, "घोडी तुमची आहे, हवी तिला द्या. पण माझ्या हातात दोरी असेपर्यंत ते बसणार नाहीत."

दादाजी काट्यावरून उतरून अनवाणीच आमच्यापर्यंत आले होते. त्यांनी बिट्टोच्या मानेवर हात ठेवला, मग पाठीवर, खोगिराच्या मागे, जिथे जाणकार माणूसच ठेवतो. ती जराशी आखडली. त्यांनी हात लगेच काढला.

"महेंदर," ते म्हणाले, "घोड़ी अभी बच्ची है. मैं पुराना बोझा हूँ, मुझे कौन सी जल्दी है."

मग त्यांनी विचारलं, हिच्यावर रोज कोण बसतं? आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. श्रीधरराव मांडवाच्या खांबाला टेकून दहीवडा खात होते.

त्यांनी प्लेट ठेवली, हात धुतले, सफारीची बटणं लावली. फोटोग्राफरने, हे कोण, असं विचारलं. मी बँड बंद करायला लावला, ड्रोन खाली उतरवला. श्रीधरराव बसले. दादाजींनी स्वतः त्यांच्या हातात बशीसकट भरलेला कप दिला. कारखान्याच्या इमारतीपासून फाटकापर्यंत सरळ रस्ता होता, कडेला गवताची पट्टी. त्या पट्टीवरून मी बिट्टोला पुढे घेतलं.

पंधरा-वीस पावलं साधी गेली. मग तिने मान थोडी उचलली आणि आवाज बदलला. चार वेगळे, मऊ, सारखे आवाज. वर श्रीधरराव असे सरकत होते की जणू रस्ताच त्यांच्याखालून कुणी ओढून घेत होतं. रेवालचा वेग माणसाच्या चालण्याहून जास्त असतो, म्हणजे मला धावायला हवं होतं. मी सात पावलं धावले. आठव्या पावलाला खुब्याने नकार दिला आणि दोरी माझ्या हातातून गेली.

बिट्टो फाटकातून बाहेर पडली.

श्रीधररावांना घोडी थांबवता येत नव्हती. त्यात त्यांची चूक नाही. थांबवायला नेहमी मी असायचे, म्हणून मी ते शिकवलंच नव्हतं. वळवणंही नाही. महेंद्रजींच्या मोटारीत मी, दादाजी आणि मुन्नेखाँ बसलो. मागे जीपमधून बँडवाले आले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मी महेंद्रजींना जवळ जाऊ दिलं नाही, कारण मोटारीला घाबरून ती उधळली असती. पाळी बदलायची वेळ होती. कामगार सायकली बाजूला घेऊन उभे राहत होते. एका ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं आणि खिडकीतून मान बाहेर काढली. त्या सगळ्यांमधून माझा नवरा कप हातात धरून, सरळ समोर बघत, मंडीदीपच्या औद्योगिक वसाहतीतून चालला होता. मी मोटारीत देवाचं नाव घेत होते, आणि खोटं कशाला सांगू, मधूनमधून तिचे पायही बघत होते. एकही पाऊल चुकलं नाही.

दीड किलोमीटरवर रस्ता डावीकडे वळतो. बिट्टोला वळण माहीत नव्हतं. ती समोर आलेल्या दुसऱ्या एका कारखान्याच्या फाटकाशी येऊन सरळ उभी राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा तिथला चौकीदार रजिस्टर घेऊन बाहेर आलेला होता. फाटकाशी कुणीही आलं की नोंद करायची, असा त्याला हुकूम असावा. किससे मिलना है, असं त्याने विचारलं. श्रीधरराव म्हणाले की कुणालाच नाही, घोडी थांबली. चौकीदार म्हणाला की तरी एंट्री करावी लागेल. चौतीस वर्षांत श्रीधररावांनी कुठलंही रजिस्टर रिकामं सोडलेलं नाही. त्यांनी कप डाव्या हातात घेतला, रजिस्टर खोगिरावर ठेवलं आणि घोडीवर बसल्या बसल्या सगळे रकाने भरले. ते पान मी नंतर पाहिलं. नाव, पत्ता, आल्याची वेळ. येण्याचं कारण: 'घोड़ी मुड़ती नहीं'. वाहन क्रमांक: 'लागू नहीं'. सही.

चहा बशीत थोडा सांडला होता. पण तो सही करताना.

दादाजी मोटारीतून उतरले. त्यांनी तो कप श्रीधररावांच्या हातून घेतला आणि घोडीच्या शेजारी उभं राहून गार झालेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. नंतर बशीतलाही. मग मुलाला म्हणाले की ही घोडी बाईंकडेच राहील, तिचा खर्च घर करेल, आणि वरातवाल्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. महेंद्रजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ट्रकवाल्याने काढलेला व्हिडिओ त्यांच्या सगळ्या नातेवाइकांपर्यंत पोचला आणि त्यांचं मत बदललं. आता त्यांच्या मगांवर एक स्टिकर असतो. तपकिरी घोडी, तिच्यावर निळ्या सफारीतला बारका माणूस, खाली शब्द: 'छलके नहीं'. शिवाजी नगरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर ते मग टांगलेले दिसतात. श्रीधरराव तिथून जाताना रस्ता ओलांडतात.

याला दोन वर्षं झाली. बिट्टो आता वळते, थांबते, आणि मनात असेल तेव्हा रेवाल धरते. तिची पाठ भरली आहे. दादाजी रविवारी येतात, ओट्यावर बसतात, तिला चालताना बघतात. त्यांनी वजन एक किलो कमी केलं आणि दोन वाढवलं. मी तिच्यावर बसण्याइतकी हलकी या जन्मी होणार नाही. माझ्या हातून तयार झालेली सगळ्यात सुंदर चाल मला फक्त बाहेरूनच माहीत आहे, हे मनाला लागतं. आधी ज्या घोड्यांवर मी बसले त्यांच्यात अशी एकही नव्हती, आणि एका बादलची होती, त्याला मी घालवला.

गेल्या महिन्यात श्रीधरराव उतरल्यावर मी त्यांना विचारलंच. इतके दिवस धीर होत नव्हता. म्हटलं, "अहो, ती रेवाल धरते तेव्हा वर कसं वाटतं?"

त्यांनी हेल्मेट काढलं. डोक्यावरून हात फिरवला. बराच वेळ विचार केला, कारण त्यांना कुठलंही उत्तर चुकीचं द्यायचं नसतं.

"काही वाटत नाही," ते म्हणाले. "घरी बसल्यासारखंच."